बेकरीवाल्याची हाक

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला गल्लीत कुणालाही विचारा, तारमास्तर कुठे गेले? टेकडीवर, पाण्याच्या टाकीमागे, झाडाला तार टांगून बसलेत. आणि मास्तरीणबाई? त्याही तिथेच, त्यांच्यावर करवादत बसल्यात.

हे मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. पण खांद्यावर तारेचं भेंडोळं टाकून दर रविवारी टेकडी चढणाऱ्या माणसाला गल्लीने दुसरं काय नाव ठेवायचं? नवरा मास्तर झाला, म्हणून बायको मास्तरीणबाई झाली. बाईंनी जन्मात कुणाला धडा शिकवला असेल तर तो मास्तरांनाच. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालायचं. पँट आखूड करा, चेन बदला, पडदे शिवा. टेप न लावता नुसत्या नजरेने त्या गिऱ्हाइकाला सांगत, "गेल्या वर्षीपेक्षा दोन इंच सुटलायत." गिऱ्हाईक हिरमुसलं तर हिरमुसलं. खरं बोलायला आपण कुणाला भीत नाही, असा त्यांचा खाक्या होता. ही गोष्ट घडली तेव्हा मात्र त्या सहा रविवार तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या, म्हणून तर ती सांगायची.

मास्तरांचं खूळ होतं रेडिओचं. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. त्याची परीक्षा देऊन त्यांनी परवाना काढला होता आणि तो घरात लग्नाच्या फोटोपेक्षा मोठ्या चौकटीत लावला होता. यंत्र त्यांनी स्वतः बनवलेलं, आपल्याच कारखान्याच्या चपट्या डब्यात बसवलेलं. झाकणावर दोन बटणं आणि बाजूला लांब-आखूड ठोके द्यायची एक पितळी चावी. सगळा संसार एका पिशवीत मावायचा. ताकद विचाराल तर दोन वॅट. रात्री जिन्यात लावतो त्या झिरोच्या बल्बलासुद्धा याहून जास्त वीज लागते.

"मोठं यंत्र घ्या की एकदाचं," बाई म्हणायच्या. "एवढ्याशा विजेवर समुद्रापार बोलायचं, हा कसला हट्ट?"

"मोठ्या यंत्रावर कुणीही बोलेल," मास्तर म्हणायचे. "ओरडायला काय अक्कल लागते? हळू बोलून लांब पोचवायचं, त्यात खरी गंमत आहे."

"मग घरात का ओरडता?"

यावर मास्तर पिशवी आवरायला घेत.

बाई टेकडीवर का जायच्या? एक तर गुडघ्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. दुसरं म्हणजे त्यांच्याशिवाय तार झाडावर चढत नसे. तार उंच टांगायची तर आधी वजन बांधलेली दोरी फांदीवरून पलीकडे टाकावी लागते. मास्तरांचा नेम म्हणजे आनंदीआनंद. एकदा त्यांनी ती दोरी टाकीच्या रखवालदाराच्या सायकलवर टाकली होती. शेवटी बाईंनी पडद्याच्या उरल्या कापडाची एक पिशवी शिवली, तीत वाळू भरली, "व्हा बाजूला" म्हणाल्या आणि पहिल्याच फेकीत फांदी गाठली. तेव्हापासून ते खातं त्यांच्याकडे.

दोरी टाकली की बाई लोकर काढून विणायला बसत. मास्तर कानात घालायचं जे यंत्र वापरत त्याला दोन बोंडं होती. त्यांना एकच कानात लागे, दुसरा कान ते मोकळा ठेवत. ते रिकामं बोंड नुसतं लोंबकळायचं. पहिल्या वर्षी कधीतरी कंटाळा आला म्हणून बाईंनी ते आपल्या कानात घातलं आणि मग ती सवयच झाली. अक्षरं त्यांना एकही कळत नव्हती. पण विणताना कानात ती लांब-आखूड टिकटिक चालू असली की हाताला लय मिळायची. बावीस वर्षांत किती स्वेटर झाले, मोजदाद नाही.

आणि त्या बावीस वर्षांत रोज न चुकता, म्हणजे रविवारी न चुकता, दहाच्या ठोक्याला एक माणूस यायचा. समुद्रापलीकडचा एक बेकरीवाला. मास्तरांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, ऐंशीच्या घरातला. तोही मास्तरांसारखाच खुळा, त्याचीही ताकद दोनच वॅट. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण या विद्येत ठरावीक अक्षरांची खूण असते, तिच्यावर आणि चार मोडक्यातोडक्या इंग्रजी शब्दांवर त्यांचं भागायचं. तुझा आवाज कसा येतोय, पाऊस आहे का, पाठदुखी कशी आहे. एकदा त्याने कार्ड पाठवलं होतं, त्यावर भट्टीचं चित्र आणि मागे पत्ता. भेट मात्र कधी झाली नव्हती. तरी मास्तरांना सख्ख्या भावापेक्षा त्याची पाठदुखी जास्त ठाऊक होती.

बाई त्याला "लंगडा" म्हणत. त्याचे पाय धडधाकट होते, असं मास्तर तळमळून सांगायचे. पण स्वतःच्या नावाची खूण ठोकताना तो शेवटचा लांब ठोका असा काही ओढायचा, की एखादा माणूस एक पाय फरफटत येतोय असं वाटावं. या विद्येत प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जसं आपलं अक्षर. हजार टिकटिकींत बाईंनी तो हात ओळखला असता.

निरोप घेताना तो नेहमी दोन आकडे द्यायचा. एक त्र्याहत्तर. त्याचा अर्थ, लोभ असावा. तो मास्तरांना. मग एक अठ्ठ्याऐंशी. तीन लांब, दोन आखूड, पुन्हा तीन लांब, दोन आखूड. तो बाईंसाठी.

"हे काय म्हणतो तो मला?" बाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"घरच्यांना नमस्कार," मास्तर म्हणाले आणि बॅटरीची तार तपासू लागले.

आता खरं सांगायचं तर अठ्ठ्याऐंशीचा अर्थ प्रेम आणि पापे असा आहे. जगभरचे रेडिओवाले एकमेकांच्या बायकांना तो बिनदिक्कत पाठवतात, त्यात वावगं काही नाही. पण मास्तर पडले लाजाळू. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी बायकोशी चारचौघांत बोलताना ते भिंतीकडे बघत. पापे हा शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

मास्तरांना जगात अभिमान एकाच गोष्टीचा होता, आपल्या कानांचा. कारखान्यात अठरा प्रेस एका वेळी धडधडत, आणि हा माणूस दारातून आत येताना सांगायचा, "सात नंबरचं बेअरिंग जातंय." खोलून बघितलं की खरंच गेलेलं असायचं. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजर भाषणात म्हणाले, की कारखान्याचे कान आज घरी चालले. ते वाक्य मास्तर अजून सांगतात. त्याच अठरा प्रेसनी चौतीस वर्षं हेच कान कुरतडले, हे कुणीच बोललं नाही. दोन वर्षांपूर्वी बाई एकदा म्हणाल्या, "जरा कान तपासून घ्या." मास्तर दोन दिवस जेवणापुरतेसुद्धा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू हल्ली पुटपुटतेस." बाई पुटपुटतात! गल्लीच्या टोकाला त्यांचं शिंकणं ऐकू येतं. पण त्यांनी तो विषय मग काढला नाही.

त्या सहांतला पहिला रविवार. मास्तरांनी हाक घातली आणि थांबले. बाईंच्या कानात लंगडा आला, अगदी नेहमीसारखा पाय ओढत. बाई विणत राहिल्या. मास्तरांनी पुन्हा हाक घातली. लंगडा पुन्हा आला. मास्तरांनी तिसऱ्यांदा हाक घातली, वाट पाहिली, मग कानातलं बोंड काढून म्हणाले, "आज नाही आलेला."

बाईंचे टाके चुकले. त्यांना वाटलं, या दोघांचं काहीतरी बिनसलंय. बावीस वर्षांनी रुसवा! पाठदुखीवरून तर कुणी भांडत नाही. हे म्हातारे एकमेकांशी अबोला धरून बसलेत, निस्तरतील आपलं आपण, असं म्हणून त्या गप्प राहिल्या. मनातून त्यांना थोडं हसूही येत होतं.

ते हसू मंगळवारी मावळलं. त्या पुढच्या खोलीत मशीनवर होत्या. आत चहाची किटली शिट्टी मारायला लागली. मारतेय, मारतेय, कुणी उठेना. "अहो, किटली!" काही नाही. बाई तणतणत आत गेल्या, तर मास्तर शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. किटली नुसती किंचाळत होती, आणि चेहऱ्यावर सुरकुती हलत नव्हती. बाई दारातच थांबल्या. हा रुसवा नव्हता. बारीक, किनरा आवाज मास्तरांपर्यंत पोचतच नव्हता.

दुसऱ्या रविवारी लंगडा आला. तिसऱ्या रविवारी आला. बिचारा तिकडून गळा काढत होता आणि इकडे मास्तर, मोठ्या यंत्रांचे ढोबळ आवाज तेवढे ऐकू येत असल्याने, आपलं काही बिघडलंय असं मानायलाच तयार नव्हते. त्यांनी बॅटरी बदलली. तार बदलली. डबा उघडून प्रत्येक सांध्याला पुन्हा डाग दिला. जेवताना म्हणायचे, "इतक्या वर्षांत एक रविवार चुकला नाही त्याचा. बरा तर असेल ना गं?" आणि बाई ताटाकडे बघत म्हणायच्या, "असेल."

सांगायचं तरी कसं? तुमचा दोस्त ठणठणीत आहे, एवढंच सांगता आलं असतं तर बाईंनी गल्लीभर ओरडून सांगितलं असतं. पण त्याच्या मागोमाग दुसरं आलंच. तो आहे, तुमचे कान गेले. मग या माणसाकडे राहिलं काय? टेकडी गेली, डबा गेला, रविवार गेला. चौथ्या रविवारी बाईंनी धीर करून तोंड उघडलं, "अहो, मला वाटतं..." मास्तर वळले, डोळे पाणावलेले. बाई म्हणाल्या, "मला वाटतं घरी जाऊया, ऊन चढलं." स्वतःचा त्यांना इतका राग आला, की त्या रात्री त्यांनी विणलेली अख्खी बाही उसवून टाकली.

पाचव्या रविवारनंतर मास्तरांनी निकाल दिला. "गेला तो," म्हणाले. "ऐंशी म्हणजे काही थोडं वय नाही." मग त्यांनी शब्दकोश घेतला, दोन संध्याकाळी खपून बेकरीवाल्याच्या मुलीला त्यांच्या भाषेत दुखवट्याचं पत्र लिहिलं, कार्डावरचा पत्ता घातला आणि बाईंच्या हातात दिलं. "उद्या टाक पोस्टात. आणि हे सगळं सामान पुढच्या रविवारनंतर माळ्यावर. त्याच्यासारखं दुसरं कुणी नाही मला."

बाई पोस्टात गेल्या. पेटीसमोर उभ्या राहिल्या. पत्र अर्धं आत गेलं होतं. पण जिवंत माणसाच्या घरी त्याच्याच मरणाचं सांत्वन पाठवायचं? बेकरीतून घामाघूम घरी आलेला तो म्हातारा ते स्वतःच फोडणार! बाईंनी पत्र ओढून काढलं आणि पिशवीत लोकरीच्या तळाशी खुपसलं. घरी येऊन म्हणाल्या, "टाकलं." चाळीस वर्षांतलं त्यांचं हे पहिलं खोटं, आणि ते घशाखाली उतरत नव्हतं.

सहावा रविवार. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्यावर कारखान्याची जुनी टोपी चढवून निघाले. बाईंनी पहिल्या फेकीत दोरी टाकली. आज त्याचंही कौतुक झालं नाही.

"आमच्यात एक रीत आहे," मास्तर म्हणाले. "आपल्यातला कुणी गेला, की त्याच्या ठरल्या वेळेला त्याला तीनदा हाक घालायची. मग दोन मिनिटं गप्प. यंत्र बंद करायचं नाही. त्याच्या जागेवर कुणी येत नाही, ते ऐकायचं. मग आवरायचं."

दहा वाजले. मास्तरांनी पितळी चावीवर बेकरीवाल्याची खूण ठोकली. एकदा, दोनदा, तीनदा, प्रत्येक अक्षर कोरून काढल्यासारखं. मग बोंड कानातच ठेवून ते उभे राहिले, टोपी काढून छातीशी धरली आणि डोळे मिटले.

आणि बाईंच्या कानात लंगडा आला.

नुसता आला नाही, धावत आला. खूण ठोकली, पुन्हा ठोकली, पुन्हा. शेवटचा ठोका असा ओढला की आता त्याचा पाय निखळून पडेल. इकडे त्याच्या दोन मिनिटांच्या शांततेत तो गळ्याच्या शिरा ताणून बोलत होता, आणि मास्तर खाली मान घालून त्याला निरोप देत होते. हसावं की रडावं? बाईंना दोन्ही एकदमच आलं. लोकरीचा गुंडा उतारावरून गडगडत गेला. त्या उठल्या, आणि मास्तरांचा टोपी धरलेला हात त्यांनी खस्सकन ओढला.

"अगं, काय हे! दोन मिनिटं तरी..."

सुया टोचून निबर झालेलं आपलं पहिलं बोट त्यांनी मास्तरांच्या तळहातावर टेकवलं आणि कानात जे येत होतं तेच उमटवायला लागल्या. आखूड आलं की टिचकी, लांब आलं की दाबून धरायचं. अक्षर कुठलं, अर्थ काय, त्यांना ठाऊक नव्हतं. ही लय मात्र बावीस वर्षं त्यांनी स्वेटरांत विणली होती. मास्तर हात सोडवायला बघत होते. मग तो शेवटचा ठोका आला. बाईंनी दाबलं, आणि दाबून धरलं, आणि धरूनच ठेवलं, लंगड्याने धरलं तेवढा वेळ.

मास्तरांचा हात थांबला.

"पुन्हा," ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा उमटवलं. मास्तर मटकन दगडावर बसले.

"हा तो आहे," म्हणाले. "हा त्याचा हात आहे. आत्ता येतोय? तुला ऐकू येतोय?" त्यांनी बोंड कानात आणखी खुपसलं, डोळे घट्ट मिटले, मान वाकडी केली. काही नाही. मग हळूच विचारलं, "कधीपासून?"

"सहा रविवार."

"म्हणजे तो होता. मीच..."

"हो," बाई म्हणाल्या. "तुमचे कान गेलेत हो. बारीक ऐकू येत नाही तुम्हाला. मी सांगणार होते, नाही झाली हिंमत. आता काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण नंतर द्या. तो माणूस तिकडे ताटकळलाय."

मास्तरांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. डोळे पुसले. मग चावीवर बोट ठेवलं आणि दोनच शब्द ठोकले. आहे. हळू.

या विद्येतली एक रीत मोठी सुरेख आहे. समोरच्याने हळू म्हटलं, की हळू व्हायचं. कारण विचारायचं नाही. बेकरीवाला एकदम इतका संथ झाला, की लहान मूल बोट धरून चालवावं तसा एकेक ठोका यायला लागला. बाई तो तळहातावर ठेवू लागल्या. मास्तर वाचू लागले.

"कागद! कागद दे!"

रेडिओच्या नोंदींची वही मास्तरांनी आज आधीच फडक्यात बांधून ठेवली होती. बाईंनी पिशवीत हात घातला आणि हाताला लागलं ते पुढे केलं. मास्तरांनी बघितलं. त्यांचंच अक्षर, बेकरीवाल्याचा पत्ता.

"हे टाकलं नाहीस?"

"जिवंत माणसाला दुखवटा टाकू? लिहा गुपचूप!"

मास्तरांनी पाकीट उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर एकेक अक्षर उतरवलं. खूप वेळ लागला. मध्ये एकदा बाईंचं बोट चुकलं, मास्तरांनी "पुन्हा" म्हणून मागितलं, आणि लंगड्याने पुन्हा दिलं. शेवटी मास्तरांनी मोठ्याने वाचलं, थांबत थांबत: "सहा रविवार तू हाक घालतोस. मी उत्तर देतो. तू ऐकत नाहीस. वाटलं, रागावलास. मी काय चूक केली?"

"बघा!" बाई म्हणाल्या. "त्यालाही रुसवाच वाटला. बिचारा सहा आठवडे जिवाला खात बसला असेल."

मास्तरांनी चावी जवळ ओढली. बाईंना वाटलं, आता सांगतील बॅटरी बिघडली होती, तार तुटली होती. माणूस असंच सांगतो. मास्तरांनी ठोकायला घेतलं, आणि प्रत्येक शब्द ठोकण्याआधी तो बाईंना तोंडाने सांगितला. "चूक नाही. माझे कान गेले. बायको ऐकते. माझ्या हातावर देते. मी वाचतो."

मग तो आला, हळू, पाय ओढत. बाईंनी दाबलं, टिचकी मारली, दाबलं. मास्तरांनी लिहिलं आणि वाचलं: "माझे डोळे गेले. मुलगी हात धरून गच्चीत आणते. पुढच्या रविवारी दहा."

मास्तरांनी ठोकलं, पुढच्या रविवारी दहा. बेकरीवाल्याने त्र्याहत्तर दिलं. मग दुसरा आकडा दिला. बाईंनी तोही तळहातावर उमटवला, तीन लांब, दोन आखूड, पुन्हा तीन लांब, दोन आखूड.

मास्तरांनी फडकं सोडून वही काढली. त्या विद्येत वहीत खोटं लिहायचं नसतं, न ऐकलेलं ऐकलं म्हणायचं नसतं. त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, बेकरीवाल्याची खूण घातली, आणि पुढे लिहिलं, "ऐकलं हिने. वाचलं मी."

"शेवटी काय म्हणाला?" बाईंनी लोकरीचा गुंडा गोळा करता करता विचारलं.

"कुठे काय. घरच्यांना नमस्कार."

बाईंनी गुंडा पिशवीत टाकला. मास्तरांचा हात परत ओढला. कानात आता काहीच येत नव्हतं, बोंडसुद्धा त्यांनी काढून ठेवलं होतं. तरी त्यांनी बोट टेकवलं. तीन लांब, दोन आखूड. तीन लांब, दोन आखूड.

"आता कोण देतंय हे?" मास्तर गोंधळले. "तो तर गेला ना?"

"हा माझा आहे, तुम्हाला," बाई म्हणाल्या. "आणि नमस्कार-बिमस्कार नाही हं. पहिल्याच वर्षी तुमच्या त्या जाड पुस्तकात अर्थ बघून ठेवलाय मी."

मास्तरांनी घाईघाईने तार गुंडाळायला घेतली आणि ती उलटी गुंडाळली. टेकडी उतरेपर्यंत ते बाईंच्या चार पावलं पुढेच राहिले. कान मात्र लालबुंद झाले होते. तेवढ्या कामाला ते अजून पक्के होते.